माळ्यावरची चित्रं

शाळेत चित्रकला शिकवत आयुष्यभर स्वतःचीही चित्रं काढणारी माणसं अहिल्यानगर जिल्ह्यात जवळजवळ प्रत्येक तालुक्याच्या गावी भेटतात. शाळा चालू असताना मुलांकडून एलिमेंटरी-इंटरमिजिएटची तयारी करून घ्यायची. सुट्टी लागली की एसटीने भंडारदऱ्याला, रतनवाडीच्या अमृतेश्वराला, नाहीतर नेवाशाला प्रवरेकाठी जाऊन बोर्ड मांडून बसायचं. राज्य कला प्रदर्शनाला चित्र पाठवायचं, बॉम्बे आर्ट सोसायटीला पाठवायचं, निवड झाली तर कात्रण जपून ठेवायचं. विक्री फारशी व्हायची नाही. शिर्डीच्या बाजारात साईबाबांची तसबीर रोज खपते, पण त्याच जिल्ह्यातल्या चित्रकाराने काढलेलं नदीकाठाचं निसर्गचित्र विकत घ्यायला गिऱ्हाईक येत नाही. निवृत्तीनंतर ती सगळी चित्रं माळ्यावर जातात. पुढे कधीतरी वाडा पाडून इमारत बांधायचं ठरतं, किंवा मुलगा सावेडीकडे फ्लॅट घेतो, आणि त्या चित्रांचं काय करायचं हा प्रश्न घरातल्या सगळ्यांसमोर येऊन उभा राहतो.

पुढच्या संवादातले सर म्हणजे असे एक निवृत्त चित्रकला शिक्षक, आणि मूर्तिकार म्हणजे त्यांचा जुना विद्यार्थी. नगरजवळ त्याचा गणेशमूर्तींचा कारखाना आहे. दोघंही कुणी एक माणूस नव्हेत. अनेक घरांत चाललेलं बोलणं मी त्यांच्या तोंडी घातलं आहे. मला स्वतःला काय वाटतं तेही मी मधेमधे सांगणार आहे, कारण या प्रश्नात तटस्थ राहणं मला जमत नाही.

सर : तुला बोलावलं ते चित्रं खाली उतरवायला. कुठलं टाकायचं ते ठरवायला नाही.

मूर्तिकार : उतरवतोच आहे सर. पण उतरवून ठेवायची कुठे? फ्लॅटमध्ये दोन खोल्या. एक तुमची, एक दादा-वहिनींची. नातवाचं दहावीचं वर्ष. वहिनी काही बोलल्या नाहीत, पण त्यांनी बाहेरच्या खोलीची लांबी-रुंदी दोनदा मोजली, ते मी पाहिलं.

सर : सूनबाईंची अडचण मला कळते. म्हणून काय चित्रं भंगारात घालू?

मूर्तिकार : भंगाराचं नाव मी घेतलंच नाही. मी एवढंच विचारतो, यातली चित्रं तुम्ही शेवटची उघडून कधी बघितलीत?

सर : रोज बघायला कशाला हवीत? आहेत हे मला माहीत आहे.

मूर्तिकार : आहेत, पण कशी आहेत ते बघा. हे कॅनव्हास आडवे, एकावर एक रचलेत. खालच्याचा रंग वरच्याच्या कापडाला चिकटलाय. ही गुंडाळी रंग आत घेऊन केलीय. आता उलगडली की तडे जाणार. गुंडाळायचंच झालं तर रंगाची बाजू बाहेर ठेवा, हे आम्हाला तुम्हीच शिकवलंत. भिंतीला टेकवलेल्या या तीन चौकटी वाळवीने पोखरल्यात. जलरंगाचे कागद तर कडांनी पिवळे पडून चुरायला लागलेत.

सरांची बाजू मला मनापासून पटते, पण इथे विद्यार्थ्याचं म्हणणं खरं आहे. आपला बहुतेक जिल्हा पर्जन्यछायेतला. कोकणातल्यासारखी बुरशी इथे चित्रांना सहसा धरत नाही, म्हणून आपण निर्धास्त राहतो. पण पत्र्याखालचा माळा एप्रिल-मे महिन्यात तापतो आणि डिसेंबरात गारठतो. चौकटीचं लाकूड आकसतं आणि फुगतं, कापड ताणतं आणि सैल पडतं, वरचा जुना तैलरंग कडक झालेला असतो, तो तडकतो. कसर आणि वाळवीला तर हवामानाचं काहीच वाटत नाही. माळ्यावर ठेवलेलं चित्र जपलं जात नाही. ते हळूहळू संपतं, आणि कुणाच्या लक्षात येत नाही.

मूर्तिकार : माझं ऐका सर. आम्ही मूर्ती करतो. डोळ्यांची आखणी करताना हात थरथरू नये म्हणून मी श्वास रोखतो. ती मूर्ती कुणाच्या घरी दीड दिवस राहते, कुणाकडे दहा, आणि पाण्यात जाते. शाडूची असली तर विरघळून खाली गाळ उरतो. मला कधी वाईट वाटलं नाही. काम झालं, लोकांनी पाहिलं, हात जोडले, पुरे. तुम्ही चित्रकार लोक सोडून देत नाही.

सर : तुझी मूर्ती कुणीतरी मागून नेली होती. वाजतगाजत नेली, पूजा केली, मग निरोप दिला. माझ्या चित्रांना अजून कुणी घरात घेतलं नाही. ज्याचं स्वागतच झालं नाही त्याचं विसर्जन कसं करायचं?

मूर्तिकार : हं.

सर : आणि सोडून देण्याचं तू मला सांगू नकोस. तुझ्या गोदामात ताडपत्रीखाली काय आहे? मी पाहिलंय.

मूर्तिकार : पीओपीचा माल आहे. मागच्या हंगामातला, त्याच्या आधीच्याही.

सर : त्यांचं विसर्जन का नाही केलंस?

मूर्तिकार : ते इतकं सोपं नाही सर. ज्या वर्षी बाहुबली चालला त्या वर्षी सगळ्यांना बाहुबलीच्या रूपातला गणपती हवा होता. पुढे पुष्पा आला. पुष्पाच्या वर्षी बाहुबली कोण घेणार? साध्या आसनावरची मूर्ती असली तर धूळ झटकून, नवा हात मारून पुढच्या वर्षी जाते. या जात नाहीत. प्राणप्रतिष्ठा झालेली नाही म्हणजे हिशेबाने तो नुसता मालच. पण हातोडा घेऊन गणपती फोडायचा म्हटलं तर माझ्या कारागिराचा हात उठत नाही, माझाही नाही. आणि शेजारच्याने पाहिलं तर काय म्हणेल?

त्याची ही अडचण एकट्याची नाही, म्हणून इथे जरा थांबायला हवं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे 2020 मध्ये मूर्ती विसर्जनाच्या सुधारित मार्गदर्शक सूचना काढल्या आणि त्यांत प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींना मनाई केली. जानेवारी 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने या मनाईची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं. जून 2025 मध्ये न्यायालयाने मूर्ती घडवायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नैसर्गिक जलस्रोतांत विसर्जनाची मोकळीक दिली नाही. पुढे जुलैत सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावांतच विसर्जित करायच्या असं ठरलं. ही पाच वर्षं कारखानदारांनी साचे काढू का नको, उचल घेऊ का नको, या धास्तीत काढली, आणि त्यातून न खपलेला माल साठत गेला. नेमका हा माल कशात जिरवायचा यावर मात्र एक चांगला उपाय महाराष्ट्रातच निघाला आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपी विरघळवण्याची पद्धत शोधली. त्यातून खत म्हणून वापरता येणारं अमोनियम सल्फेट आणि खाली कॅल्शियम कार्बोनेटचा साका मिळतो. हातोडा न उचलता मूर्तीला निरोप देण्याची ही रीत प्रत्येक कारखान्यापर्यंत पोचायला हवी.

सर : म्हणजे तूही ठेवूनच घेतोस.

मूर्तिकार : घेतो. पण त्या मूर्ती ठेवण्यालायक आहेत असं मी म्हणत नाही. कशा घालवायच्या ते कळत नाही म्हणून ठेवल्यात. तुमचं तसं नाही ना? तुमच्या या चारशे चित्रांतली सगळीच चांगली आहेत, असं तुम्ही छातीवर हात ठेवून म्हणाल?

सर : नाही.

मूर्तिकार : किती चांगली आहेत?

सर : ...साठ असतील. सत्तर.

मूर्तिकार : मग बाकीच्यांचं काय? कॅनव्हास महाग झालाय. त्यावर पुन्हा अस्तर मारून एखाद्या होतकरू पोराला द्या.

सर : जुन्या तैलरंगावर अॅक्रिलिकचा गेसो मारला तर दोन वर्षांत पापुद्रे निघतील. तेवढंही विसरलास? कॅनव्हास घासून तैलाचंच अस्तर द्यावं लागतं, आणि तरी खालचा आकार कधीतरी वर येतो. पिकासोच्या म्हाताऱ्या गिटारवाल्याच्या खाली एका बाईचा चेहरा आहे, तो आजही दिसतो.

मूर्तिकार : पिकासोने वापरला ना पण जुना कॅनव्हास?

सर : वापरला. गरिबी होती.

मूर्तिकार : आणि मोनेने फाडले. प्रदर्शन तोंडावर आलं असताना.

सर : 1908 साली. पंधरा तरी होते, कमळांच्या तळ्याचे. हे तुला मीच सांगितलं होतं. आणि अमेरिकेतल्या बाल्डेसारीने 1970 मध्ये आपली तेरा वर्षांची चित्रं थेट दहनगृहात नेऊन जाळली आणि राख कलशात भरून ठेवली. पण ते दोघं ज्या दिवशी हे करत होते त्या दिवशी त्यांच्यापुढे पुढचं काम होतं. मी पंच्याहत्तर ओलांडलीय. मी जाळलं तर मागे काय राहील?

मूर्तिकार : साठ राहतील. आणि चारशेत बुडालेली ती साठ लोकांना पहिल्यांदा दिसतील.

मला वाटतं, या वादात हे वाक्य सर्वांत महत्त्वाचं आहे. न विकलं गेलेलं चित्र वाईट असतं असं नाही. बाजाराने दिलेला तो निकाल चित्रकाराने मनाला लावून घेऊ नये. पण त्याच न्यायाने, न विकलं गेलेलं प्रत्येक चित्र चांगलंच असतं असंही नाही. निवड चित्रकाराने हयातीत आणि स्वतःच्या हाताने करायला हवी. ती त्याने केली नाही तर त्याच्यामागे कुणीतरी दुसरं करतं, आणि ते करताना त्याच्याकडे डोळा नसतो, फक्त जागेची निकड असते.

व्हिन्सेंट व्हॅन गॉगच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी घडल्या. 1886 मध्ये त्याची आई न्यूननहून ब्रेडाला राहायला गेली, तेव्हा त्याच्या सुरुवातीच्या कामाच्या पेट्या एका सुताराकडे ठेवल्या आणि तिथेच राहिल्या. पुढे त्या एका जुन्या बाजारवाल्याच्या हाती गेल्या. त्याने काही चित्रं हातगाडीवर कवडीमोलाने विकली, काहींचा नाश केला. दुसरीकडे, त्याच व्हिन्सेंटची भावजय जो बोंगर. 1891 मध्ये नवरा वारला तेव्हा तिच्याकडे तान्हं मूल होतं आणि शेकडो न विकलेली चित्रं. तिने ती निवडली, थोडी-थोडी विकली, प्रदर्शनांना दिली, भावांची पत्रं लावून छापली, आणि 1905 मध्ये अॅमस्टरडॅमला साडेचारशेहून अधिक चित्रांचं प्रदर्शन उभं केलं. एकाच माणसाची चित्रं, पण ती कुणाच्या हाती पडली यावर त्यांचं सगळं ठरलं.

सर : मग माझ्या घरात अशी जो कोण होणार ते सांग.

मूर्तिकार : वहिनी होतील. त्यांना सांगितलं तर. चित्राच्या मागे ना नाव, ना साल, ना गाव. त्यांनी काय ओळखायचं? हे बघा, हे कुठलं?

सर : ते... बाहत्तरचं आहे. दुष्काळी कामावरचं. मी तेव्हा शिकत होतो. रस्त्याच्या कडेला बाया खडी फोडत होत्या. ही पुढे बसलीय ना, तिच्या मांडीवर पोर झोपलंय आणि हात चालूच आहे. दुपारी सुकडी वाटायचे, तेवढ्या वेळात मी स्केच केलं. रंगवलं नंतर घरी.

मूर्तिकार : सर, हे तुम्ही कधी दाखवलंच नाही.

सर : कुणाला दाखवायचं? 1972 चा दुष्काळ दिवाणखान्यात कोण लावणार?

मूर्तिकार : दिवाणखान्यात नको. ज्या गावातल्या बाया आहेत त्या गावाच्या शाळेत लावा.

सर : आणि शिपायाने दोन वर्षांनी कपाटामागे टाकलं, पावसात भिजवलं, मग?

मूर्तिकार : लिहून द्या. काय दिलं, कुठे लावायचं, नको झालं तर परत कुणाला द्यायचं. चित्र दिलं म्हणजे सगळं दिलं असं होत नाही सर. छापण्याचा, प्रती काढण्याचा हक्क लेखी दिल्याशिवाय तुमच्याकडून जात नाही. आमच्या मंडळाच्या वकिलांनी मला हे समजावलं होतं.

वकिलांनी बरोबर सांगितलं आहे, आणि कायदा त्याही पुढे जातो. कॉपीराइट कायदा 1957 मधल्या कलम 57 नुसार कृती विकल्यानंतरही कलावंताचा तिच्याशी असलेला नैतिक हक्क राहतो. दिल्लीच्या विज्ञान भवनातलं अमरनाथ सहगल यांचं भव्य ब्राँझ भित्तिशिल्प 1979 मध्ये काढून गोदामात टाकलं गेलं. सहगल न्यायालयात गेले. 2005 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने उरलेले भाग त्यांना परत करायला आणि पाच लाख रुपये भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. याच कायद्याचं कलम 53-अ त्याहूनही कमी लोकांना ठाऊक आहे. मूळ चित्र 10,000 रुपयांहून अधिक किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त 10 टक्के असतो. आज कवडीने दिलेलं चित्र उद्या मोठ्या किमतीला जाईल अशी भीती असेल, त्याने हे कलम वाचून ठेवावं.

सर : सगळं देऊन टाकायचं, असं म्हणतोस?

मूर्तिकार : ज्याचं त्याला द्या म्हणतो. काष्टीच्या बैलबाजारातली ही माणसं. या म्हाताऱ्याच्या घरी त्याचा एक फोटो तरी असेल का? नातवंडांना हे चित्र द्या, देव्हाऱ्याशेजारी लावतील. स्टेशन रस्त्याचं हे दृश्य उड्डाणपूल व्हायच्या आधीचं आहे. आता तिथे उभं राहून हे दिसतच नाही. हे प्रगत कला महाविद्यालयाला द्या, पोरं बघतील. वाळवीने खाल्लेली, आणि तुम्हालाच नको वाटतात ती, आपण दोघं मिळून घालवू. रात्री लपून नाही. तुम्ही सांगाल त्या दिवशी.

सर : आणि ती साठ?

मूर्तिकार : ती फ्लॅटमध्ये. उभी ठेवायची, मधे पुठ्ठा घालायचा, आतल्या भिंतीला. एक कपाट पुरेल. वहिनींनी जे मोजमाप घेतलं ना, ते कपाटाचंच होतं. मी विचारलं त्यांना.

सर बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी पेन्सिल मागितली आणि बाहत्तरच्या चित्रामागे लिहायला बसले.

माझं मत आता लपवत नाही. मी बहुतेक मूर्तिकाराच्या बाजूने आहे, पण एका गोष्टीत सरांच्या. आज नको वाटणाऱ्या चित्राचा नाश करायची घाई करू नये, निदान त्याचा नीट फोटो आणि नोंद झाल्याशिवाय तरी नाही. आपल्या शहराच्या इतिहासातच याला आधार आहे. निजामशाहीतल्या 'तारीफ-इ-हुसेनशाही' या आफताबी कवीच्या हस्तलिखितात तालिकोटच्या विजयाच्या आणि दरबाराच्या चित्रांबरोबर राणी खुंजा हुमायूनची चित्रंही होती. 1569 मध्ये तिची सत्ता गेली आणि त्या चित्रांतली तिची आकृती मुद्दाम पुसून टाकण्यात आली. आज बारा चित्रं शिल्लक आहेत. पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात ती जपलेली आहेत, आणि पुसलेल्या जागेतूनही ती बाई अभ्यासकांना दिसते. दख्खनच्या चित्रकलेचा इतिहास लिहिणाऱ्याला अहमदनगरच्या या पोथीपासून सुरुवात करावी लागते. त्या काळात कुणाला तरी ती राणी नकोशी झाली होती, एवढंच त्या पुसलेल्या जागेवरून कळतं.

उलट, ज्याला कुणी धनी नव्हता त्याचं काय झालं हे शिर्डीत पाहावं. समाधी मंदिरातली साईबाबांची संगमरवरी मूर्ती बाळाजी वसंत तालीम यांनी घडवली आणि 1954 मध्ये तिची स्थापना झाली. तिचा दगड इटलीहून येऊन मुंबई बंदरात बेवारस पडला होता आणि लिलावातून शिर्डीला आला, असं तिथे सांगतात. बेवारस मालातून या जिल्ह्यातलं सर्वांत जास्त डोळ्यांनी पाहिलेलं शिल्प उभं राहिलं.

फोटो आणि नोंद यांचा आग्रह मी आणखी एका कारणाने धरतो. 2018 मध्ये नगरचे चित्रकार-शिल्पकार प्रमोद कांबळे यांच्या स्टुडिओला आग लागली आणि वर्षानुवर्षांचं काम काही तासांत गेलं. एवढ्या नामवंत कलावंतावर ही वेळ येते, तर माळ्यावरच्या निवृत्त शिक्षकाचं काय? कोल्हापूरला चंद्रकांत मांडरे यांनी आपला 'निसर्ग' बंगला चित्रांसकट राज्य शासनाला दिला, आणि आज तिथे संग्रहालय आहे. प्रत्येकाला बंगला देणं शक्य नाही. पण चित्रामागे पेन्सिलीने नाव, साल, गाव आणि कोण आहे ते लिहिणं प्रत्येकाला शक्य आहे, आणि त्याला खर्च नाही.

म्हणून अहिल्यानगर जिल्ह्यातल्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमच्या शाळेत चित्रकला शिकवणारे सर किंवा बाई निवृत्त झाल्या असतील तर या दिवाळीत त्यांच्या घरी जा. माळ्यावरची चित्रं खाली उतरवायला हात द्या, एकेक उजेडात धरा, ते काय सांगतात ते त्यांच्यासमोर चित्रामागे लिहून घ्या आणि मोबाइलवर फोटो काढा. तुमच्या गावाचं एखादं चित्र त्यांत सापडलं तर योग्य किंमत देऊन ते विकत घ्या. ग्रामपंचायती, ग्रंथालयं आणि जिल्हा परिषदेच्या शाळा यांनी अशा चित्रांसाठी ऊन-पाऊस न लागणारी एक आतली भिंत राखून ठेवावी.